चिन्हमालांच्या साम्याचे मापन : जावास्क्रिप्ट आणि देवनागरीतील विशेषनामे

प्रस्तावना

महाविद्यालयात एकाच विद्यार्थ्याचे नाव आज किमान चार-पाच ठिकाणी नोंदलेले असते : प्रवेश अर्जात, विद्यापीठाच्या पात्रता यादीत, ग्रंथालयाच्या सभासद नोंदीत, परीक्षेच्या अर्जात आणि शिष्यवृत्तीच्या यादीत. या नोंदी निरनिराळ्या व्यक्तींनी, निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या कळफलकांवर टंकलिखित केलेल्या असतात. त्यामुळे एका यादीत 'सुनिता रामचन्द्र जाधव' आणि दुसऱ्या यादीत 'सुनीता रामचंद्र जाधव' असे दिसणे नित्याचे आहे. ही एकच विद्यार्थिनी आहे हे कार्यालयातील अनुभवी लिपिकास क्षणात कळते. संगणकाच्या दृष्टीने मात्र या दोन भिन्न चिन्हमाला आहेत, आणि भिन्नता किती याचे माप त्यास आपणच शिकवावे लागते. हे माप जावास्क्रिप्ट भाषेत कसे घेतात, आणि मराठी नावांच्या बाबतीत ते कोठे फसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय केवळ सोयीचा नाही, हे एका प्रसंगावरून लक्षात यावे. एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या यादीतील दुबार नावे वगळण्यासाठी जावास्क्रिप्टमधील एक लहानशी आज्ञावली वापरण्यात आली. दोन नावांचे साम्य ०.८५ किंवा त्याहून अधिक आढळल्यास त्यांपैकी एक नोंद आपोआप रद्द होईल, अशी तिची रचना होती. त्या वर्गात दोन जुळ्या बहिणी होत्या. त्यांना येथे सविता आणि सरिता म्हणू. नावे बदलली असली तरी एका अक्षराचा फरक मूळचाच आहे. आडनाव एक, वडिलांचे नाव एक, जन्मतारीख एक, पत्ताही एकच. आज्ञावलीने सरिताला सविताची दुबार नोंद ठरवून यादीतून काढून टाकले. पैसे एकीच्या खात्यात जमा झाले आणि दुसरी खिडकीपाशी चौकशीला आली, तेव्हा चूक उघडकीस आली. ती आज्ञावली तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. तीत गणिताची चूक एकही नव्हती; जे माप तिला सांगितले होते ते तिने अचूक घेतले होते.

'सविता रामचंद्र जाधव' आणि 'सरिता रामचंद्र जाधव' ही प्रत्येकी १९ चिन्हांची नावे असून त्यांत एका चिन्हाचा फरक आहे, साम्य ०.९५. उलट वर दिलेल्या सुनीताच्या दोन लेखनांत तीन चिन्हांचा फरक पडतो आणि मोठी माला २१ चिन्हांची आहे, साम्य ०.८६. म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती एकमेकींच्या अधिक जवळ ठरल्या आणि एकच व्यक्ती स्वतःपासून अधिक दूर. ०.८५ हा उंबरठा ठेवला तर दोन्ही जोड्या 'एकच' ठरतात, तो ०.९० केला तर नेमकी चुकीची जोडी तेवढी उरते. उंबरठा पुढेमागे सरकवून हा प्रश्न सुटणार नाही, हे उघड आहे. दोष मापाच्या एककात आहे.

संगणक काय मोजतो

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. जगातील सर्व लिप्या १६ बिटांत मावतील असा समज त्या काळी रूढ होता, आणि त्या समजाला अनुसरून या भाषेतील चिन्हमाला १६ बिटांच्या संकेत-एककांची बनलेली आहे. पुढे युनिकोड त्या मर्यादेबाहेर वाढले, पण भाषेची ही मूळ घडण बदलली नाही. 'लेंग्थ' या गुणधर्माने मिळणारा आकडा हा अक्षरांचा नसून या संकेत-एककांचा असतो.

देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला एक एकक पुरते, त्यामुळे वरवर पाहता अडचण जाणवत नाही. मात्र येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'पंडित' या शब्दात मराठी माणसास तीन अक्षरे दिसतात : पं, डि, त. संगणकास पाच चिन्हे दिसतात : प, अनुस्वार, ड, ऱ्हस्व वेलांटी, त. कागदावर वेलांटी ड च्या आधी काढली जात असली तरी संगणकाच्या स्मृतीत ती ड नंतर येते. 'क्षितिजा' या नावाची लांबी जावास्क्रिप्टच्या मते आठ आहे. क, पायमोड, ष, वेलांटी असा तो हिशेब सुरू होतो. इतिहास विभागातील सहकाऱ्यांसाठी एक उपकथन : मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, परंतु ते १६ बिटांच्या मर्यादेबाहेर. परिणामी मोडीतील एकच वर्ण लिहून त्याची लांबी विचारली तर उत्तर दोन असे येते. मोडी दफ्तरांच्या लिप्यंतरासाठी साधने करणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

संपादन-अंतर

दोन चिन्हमालांमधील अंतर मोजण्याची सर्वाधिक प्रचलित रीत सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा मूळ रशियन निबंध १९६५ सालचा. संदेशवहनात चिन्हे गळतात, नवी घुसतात किंवा बदलतात. अशा चुका सुधारू शकणारे संकेत कसे रचावेत, हा त्याचा विषय होता. एका मालेपासून दुसरी माला मिळविण्यासाठी एकेक चिन्ह घालणे, गाळणे किंवा बदलणे या तीन क्रिया कमीत कमी किती वेळा कराव्या लागतात, ती संख्या म्हणजे त्या दोन मालांचे अंतर. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, फ्रेडरिक डॅमरो यांनी शब्दलेखनातील चुकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. सुमारे ८० टक्के चुका या तीन क्रियांपैकी एका क्रियेच्या किंवा लगतची दोन चिन्हे उलटसुलट होण्याच्या असतात, असे त्यांना आढळले. 'कमल'चे 'कलम' होते ते या चौथ्या प्रकाराने. डॅमरोंच्या हिशेबी हे अंतर एक, लेव्हेनश्टाइनच्या हिशेबी दोन.

अंतर काढण्याची तक्त्याची रीत १९७४ मध्ये वॅग्नर आणि फिशर यांनी मांडली. 'नाव' आणि 'नांव' ही दोन लेखने घेऊ. अनुच्चारित अनुस्वार वगळण्याचा नियम १९६२ साली शासनमान्य झाला; त्याआधीच्या ग्रंथांत आणि ग्रंथालयाच्या जुन्या पत्रकांवर 'नांव', 'कांही' अशी रूपे विपुल आढळतात. 'नाव'ची तीन चिन्हे डाव्या बाजूस उभी आणि 'नांव'ची चार चिन्हे वरच्या बाजूस आडवी मांडावीत. सर्वांत वरची ओळ ०, १, २, ३, ४ अशी भरावी. रिकाम्या मालेपासून 'नांव' घडविण्यास लागणारी ही किंमत होय. त्याचप्रमाणे डावा स्तंभ ०, १, २, ३ असा भरावा. पुढे प्रत्येक चौकटीत तीन शेजाऱ्यांकडे पाहायचे : वरच्या चौकटीत एक मिळवून, डाव्या चौकटीत एक मिळवून, आणि तिरप्या चौकटीत चिन्हे समान असल्यास काहीही न मिळवता व भिन्न असल्यास एक मिळवून. या तिहींतील लहानात लहान संख्या त्या चौकटीत लिहायची. न ची ओळ १, ०, १, २, ३ अशी भरते, काना या चिन्हाची २, १, ०, १, २ अशी आणि व ची ३, २, १, १, १ अशी. उजवीकडील तळाच्या चौकटीतील १ हे उत्तर.

जावास्क्रिप्टमध्ये ही रीत पंधरा-वीस ओळींत बसते. संपूर्ण तक्ता साठविण्याचीही गरज नसते. कोणतीही ओळ भरताना तिच्या आधीची एकच ओळ लागते, म्हणून दोन ओळी पुरतात. अंतरावरून साम्य काढण्यासाठी अंतराला मोठ्या मालेच्या लांबीने भागून तो भागाकार एकातून वजा करतात. प्रस्तावनेतील आकडे याच सूत्राने काढले आहेत. येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी : दोन मालांतील साम्य सांगणारी कोणतीही क्रिया या भाषेत अंगभूत नाही. समानता तपासता येते, 'लोकेलकंपेअर'ने वर्णानुक्रम ठरविता येतो, साम्य मात्र आपणच रचावे लागते. तयार ग्रंथालये पुष्कळ मिळतात. ती बहुतांशी रोमन लिपीतील शब्द समोर ठेवून लिहिलेली आहेत.

मराठीत ते कोठे फसते

'पंडित' आणि 'पण्डित' घ्या. पहिल्यात पाच चिन्हे, दुसऱ्यात सहा. अनुस्वाराच्या जागी ण आणि त्यापुढे पायमोड, म्हणजे अंतर २ आणि साम्य ०.६७. आता 'पंडित' आणि 'खंडित' घ्या. अंतर १ आणि साम्य ०.८०. एकाच शब्दाची दोन लेखने परस्परांहून दूर आणि दोन परके शब्द जवळ.

यावर सुचणारा पहिला उपाय असा की चिन्हांऐवजी अक्षरे मोजावीत. जावास्क्रिप्टच्या 'इंटल' विभागात 'सेगमेंटर' नावाचे साधन आहे. ते मजकुराचे वाचकाला जाणवणाऱ्या अक्षरांत विभाजन करते. २०२४ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ते उपलब्ध आहे. लेखकाचीही प्रथम हीच समजूत होती की एकक बदलले की काम झाले. प्रत्यक्षात प्रकरण चिघळते. अक्षरांच्या हिशेबाने 'पंडित' म्हणजे पं, डि, त आणि 'पण्डित' म्हणजे प, ण्डि, त. तीनपैकी दोन अक्षरे भिन्न, साम्य ०.३३ वर घसरते. अक्षर हे मोठे एकक असल्याने त्यातील लहानशा बदलालाही संपूर्ण अक्षराची शिक्षा होते.

शिवाय या साधनाचे उत्तर नेहमी सारखेच येईल असेही नाही. जोडाक्षर हे एकच अक्षर मानावे, असा नियम देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, आला. त्यापूर्वीच्या नियमानुसार 'क्षितिजा'चे विभाजन क्, षि, ति, जा असे चार तुकड्यांत होत असे. नव्या नियमानुसार ते क्षि, ति, जा असे तीन तुकड्यांत होते. कार्यालयातील जुन्या संगणकावर आणि प्राचार्यांच्या नव्या संगणकावर एकाच यादीची दोन उत्तरे येऊ शकतात. अक्षरगणना छंदोविचारासाठी किंवा अर्जातील चौकटी मोजण्यासाठी उपयुक्त आहे. नावे जुळविण्यासाठी चिन्हांचीच पातळी अधिक सोयीची, असे आमचे मत झाले. मात्र ती चिन्हे आधी नीट लावून घेतली पाहिजेत.

आधी प्रमाणीकरण

एकच दृश्य रूप संगणकात अनेक प्रकारे साठविले जाते, आणि या बाबतीत मराठीच्या काही स्वतःच्या अडचणी आहेत. त्यांतील सर्वांत ठळक म्हणजे अर्धा र. 'कुऱ्हाडे', 'गोऱ्हे', 'बऱ्हाटे' अशा आडनावांतील हा र तीन मार्गांनी लिहिता येतो : ऱ हा स्वतंत्र संकेतांक घेऊन त्याचा पाय मोडणे, साध्या र ला नुक्ता देऊन मग पाय मोडणे, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचे जोडक चिन्ह घालणे. तिसऱ्या मार्गातील जोडक डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच उमटतात, पण पहिल्या आणि तिसऱ्या 'कुऱ्हाडे'त लेव्हेनश्टाइन अंतर २ भरते. पडद्याकडे कितीही निरखून पाहिले तरी लिपिकास ही चूक सापडणार नाही.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून 'नॉर्मलाइज' ही क्रिया उपलब्ध आहे. ती पहिल्या दोन मार्गांचे रूप एक करते. तिसऱ्यास हात लावत नाही. तेथे आपणच नियम लिहावा लागतो, आणि तोही योग्य क्रमाने. अदृश्य जोडके सरसकट पुसून टाकावीत, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो पाळल्यास अर्ध्या र चा रफार होतो. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतील फरक मराठीच्या प्राध्यापकांना सांगावयास नको. स्वयंपाकी आणि गुरुजी एक होऊन बसतील. म्हणून प्रथम र, पायमोड आणि जोडक या त्रयीच्या जागी ऱ आणि पायमोड घालावे, आणि त्यानंतरच उरलेली जोडके काढावीत.

असाच प्रकार ॲ चा. या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला. त्यापूर्वीच्या नोंदींत अ वर अर्धचंद्र देऊन 'अॅ' लिहिलेला असतो, आणि कोठे कोठे हिंदी कळफलकामुळे ऍ ही आढळतो. 'नॉर्मलाइज' या तिहींना एक मानत नाही. वकिलांच्या नावामागील 'ॲड.' ही उपाधी जुळविताना याचा अनुभव येतो.

यानंतर परसवर्णाचा नियम. क-वर्गातील व्यंजनापूर्वीचा ङ्, च-वर्गापूर्वीचा ञ्, ट-वर्गापूर्वीचा ण्, त-वर्गापूर्वीचा न् आणि प-वर्गापूर्वीचा म् यांच्या जागी अनुस्वार घालावयाचा. पाच वर्गांसाठी पाच नियमित पदावल्या आणि 'रिप्लेस' ही क्रिया एवढ्यावर काम होते. मात्र वर्गातील पहिली चारच व्यंजने घ्यावीत. पाचवे अनुनासिकही घेतले तर 'अण्णा'चे 'अंणा' आणि 'अन्न'चे 'अंन' होते. 'वाङ्मय', 'जन्म', 'म्हात्रे' हे शब्द या नियमाच्या कक्षेत मुळातच येत नाहीत, त्यामुळे ते सुरक्षित राहतात. या पायरीनंतर 'पण्डित' आणि 'पंडित' यांतील अंतर शून्य होते, आणि 'रामचन्द्र' व 'रामचंद्र' यांतीलही.

भारित अंतर

प्रमाणीकरणाने सर्व भेद मिटत नाहीत, मिटवूही नयेत. 'सुनिता' आणि 'सुनीता' यांतील वेलांटीचा भेद कायमचा पुसून टाकला तर दोन खरोखर वेगळी नावे एक होण्याचा धोका राहतो. येथे लेव्हेनश्टाइन यांची मूळ कल्पना थोडी वाकवावी लागते : प्रत्येक बदलाची किंमत एक न धरता, तो बदल हातून घडण्याची शक्यता जितकी अधिक तितकी त्याची किंमत कमी धरायची. तक्त्याची रीत तीच राहते. तिरप्या चौकटीत एकाऐवजी त्या दोन चिन्हांच्या जोडीसाठी ठरविलेला भार मिळवायचा. जावास्क्रिप्टमधील 'मॅप' या रचनेत हे भार साठविता येतात, आणि जी जोडी तीत नाही तिचा भार एक.

आम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदाला, वेलांटी असो वा उकार, ०.२ भार दिला. श आणि ष यांना ०.३, न आणि ण यांना ०.४. अनुस्वार गळणे किंवा घुसणे यास ०.५ ठेवला. चिता आणि चिंता यांत अनुस्वाराचाच काय तो फरक हे संस्कृत सुभाषितकारांनी आधीच हेरून ठेवलेले असल्याने तो अधिक स्वस्त करण्याचे धाडस झाले नाही. हे आकडे कोणत्याही सिद्धांतातून आलेले नाहीत; कार्यालयातील जुन्या दुरुस्त्या पाहून अदमासाने ठरविले आहेत. विदर्भातील किंवा कोकणातील महाविद्यालयास ते वेगळे ठेवावेसे वाटतील, कारण न-ण ची सरमिसळ सर्वत्र सारख्या प्रमाणात होत नाही.

आता मूळ उदाहरण पुन्हा मोजू. प्रमाणीकरणानंतर सुनीताच्या दोन नोंदींत वेलांटीचाच फरक उरतो : अंतर ०.२, लांबी २०, साम्य ०.९९. सविता आणि सरिता यांत व आणि र या व्यंजनांचा फरक आहे. त्याचा भार पूर्ण एक, त्यामुळे साम्य पूर्वीचेच ०.९५. क्रम सुलटा झाला, परंतु दोन आकड्यांतील फट अतिशय अरुंद आहे. वडिलांचे नाव आणि आडनाव ही दोन्हीकडे तंतोतंत जुळणारी चौदा-पंधरा चिन्हे या गुणांकात फुकटची भर घालतात. म्हणून संपूर्ण नाव एक माला न मानता त्याचे घटक स्वतंत्र ताडून पाहावेत. नुसत्या पहिल्या नावाचा विचार केला तर सुनिता-सुनीता ०.९७ आणि सविता-सरिता ०.८०. आता ०.९० चा उंबरठा दोहोंच्या मधोमध बसतो. आमच्या मते घटकशः तुलना हीच या संपूर्ण पद्धतीतील सर्वांत मोलाची सुधारणा आहे, आणि तिच्यासाठी कोणतेही नवे गणित लागत नाही.

शब्दक्रम आणि जोड्यांची पद्धती

घटकशः तुलना करण्यास घटक वेगळे नोंदलेले असावे लागतात. पुष्कळ जुन्या याद्यांत ते तसे नसतात. गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, तर अर्जावर स्वतःचे नाव प्रथम, असा आपला शिरस्ता आहे. 'पाटील सुनीता' आणि 'सुनीता पाटील' या बारा-बारा चिन्हांच्या मालांतील लेव्हेनश्टाइन अंतर १० येते. साम्य अवघे ०.१७. चिन्हांचा क्रम हाच या मापाचा आधार असल्याने शब्द जागचे हलले की ते निरुपयोगी ठरते.

येथे जीवशास्त्राच्या शाखेतून आलेले एक माप कामी पडते. ली डाइस यांनी १९४५ मध्ये आणि डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९४८ मध्ये, निसर्गातील प्रजातींच्या सहवासाचे साम्य मोजण्यासाठी एक गुणोत्तर सुचविले : दोन्हीकडे सामाईक असलेल्या घटकांची दुप्पट भागिले दोहोंकडील एकूण घटक. एका शेतातील आणि दुसऱ्या शेतातील वनस्पतींऐवजी येथे लगतच्या दोन-दोन चिन्हांच्या जोड्या घ्यायच्या. वरील दोन नावांत प्रत्येकी ११ जोड्या आहेत आणि त्यांतील ९ सामाईक. गुणोत्तर १८ भागिले २२, म्हणजे ०.८२. ०.१७ वरून थेट ०.८२. मात्र लहान शब्दांत हेच माप कठोर होते. सुनिता आणि सुनीता यांच्या पाच-पाच जोड्यांतील तीनच जुळतात आणि साम्य ०.६० येते, कारण बदललेले एक चिन्ह दोन जोड्या बिघडविते. म्हणून क्रम ओळखण्यासाठी जोड्या, आणि क्रम लागल्यावर घटकांसाठी भारित अंतर, अशी कामाची वाटणी करावी.

अन्य मापांचा उल्लेख थोडक्यात पुरे. अमेरिकेतील जनगणनेच्या नोंदी जुळविण्यासाठी मॅथ्यू जॅरो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापात विल्यम विंकलर यांनी १९९० मध्ये भर घातली. आरंभीची, जास्तीत जास्त चार, चिन्हे जितकी जुळतील त्या प्रमाणात साम्य वाढवावे, असे त्यांचे सूत्र आहे. त्यानुसार सुनिता-सुनीता ०.९२ आणि सविता-सरिता ०.८८. दिशा बरोबर, अंतर तोकडे. देवनागरीत चार चिन्हे म्हणजे अनेकदा जेमतेम दोन अक्षरे, हेही ध्यानात घ्यावे. उच्चारावर आधारलेली साउंडेक्स पद्धती तर १९१८ मध्ये एकस्वाधिकार मिळालेली आणि इंग्रजी नावांसाठी बेतलेली. आपली लिपी मुळातच बऱ्याच अंशी उच्चारानुसारी असल्याने तिच्यासाठी रोमन लिपीत जाणे म्हणजे ट आणि त, ळ आणि ल यांतील भेद आपल्याच हाताने घालविणे होय.

आकारमानाचा प्रश्न

चार हजार विद्यार्थ्यांच्या यादीत प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडायचे तर ७९,९८,००० जोड्या होतात. नावे वीस चिन्हांची धरल्यास प्रत्येक जोडीमागे ४०० चौकटी, म्हणजे एकूण सुमारे ३२० कोटी. ब्राउझरच्या मुख्य धाग्यात हे काम लावल्यास पान गोठल्यासारखे होते. ते 'वेब वर्कर'कडे सोपवावे. त्याहून उत्तम म्हणजे जोड्याच कमी कराव्यात. लांबीतील फरक हा अंतराचा किमान आकडा असतो, त्यामुळे फार असमान लांबीची नावे तक्ता न भरताच वगळता येतात. भारित मापात हा किमान आकडा अनुस्वाराच्या सवलतीपुरता सैल ठेवावा. समान जन्मतारखेचे गट पाडून गटातच तुलना करणे हाही सर्वमान्य उपाय आहे. आपल्याकडे १ जून या तारखेचा गट मात्र फुगलेला सापडेल. शाळेत नाव घालताना सोयीने नोंदलेल्या जन्मतारखांचा तो वारसा आहे. जन्मतारीखच चुकली असेल तर खरी जोडी कधीच समोरासमोर येत नाही, म्हणून आडनावाच्या आद्य व्यंजनावर आधारलेली दुसरी फेरी आवश्यक ठरते. आणि जुळी भावंडे दोन्ही फेऱ्यांत नेमकी एकाच गटात पडतात.

आज्ञावलीची नवी रचना

दुरुस्त आज्ञावलीतून नोंद रद्द करण्याचा अधिकार प्रथम काढून घेतला. ०.९० पेक्षा अधिक साम्याच्या जोड्या 'बहुधा एकच' म्हणून, तर ०.७५ ते ०.९० यांमधील जोड्या 'पाहाव्यात' म्हणून छापल्या जातात. प्रत्येक जोडीत ज्या चिन्हांमुळे फरक पडला ती ठळक केलेली असतात. अदृश्य जोडक असेल तर त्याच्या जागी एक लहान चौकोन उमटतो, अन्यथा दोन तंतोतंत सारखी नावे भिन्न का म्हटली आहेत, असा प्रश्न लिपिकास पडतो. छापील पानाच्या तळाशी ब्राउझरची आवृत्ती आणि वापरलेल्या भारांचा तक्ता दिलेला असतो, म्हणजे पुढील वर्षी आकडे बदलले तर कारण शोधता येईल. निर्णय लिपिकाच्या सहीने होतो.

तपासून भिन्न ठरलेल्या जोड्यांची एक स्वतंत्र धारिका ठेवली आहे. पुढील प्रत्येक यादी तपासताना आज्ञावली ती आधी वाचते आणि त्या जोड्यांविषयी पुन्हा विचारत नाही. त्या धारिकेत पहिल्या क्रमांकावर त्या दोघी बहिणींची नावे आहेत.